नवमीला पुसलेल्या खुणा

आमच्या घरी मोटार आली ती बैलांनी ओढत. मौद्याकडच्या एका मालगुजाराच्या गोठ्यात ती कितीतरी वर्षं पडून होती. यांनी त्या मालगुजाराच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करून दिलं होतं. मजुरी किती द्यायची असं त्यांनी विचारलं, तेव्हा यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. मालगुजार म्हणाले, "घेऊन जा गा. तेवढीच गाईले जागा होईल." तिथून नागपुरात सक्करदऱ्यापर्यंत यायला बैलांना दोन दिवस लागले. सत्तर साल अजून उजाडायचं होतं, आणि माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती.

हे एका गॅरेजात फिटर होते. दिवसभर लोकांच्या मोटारी उघडायच्या, जोडायच्या आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची. एक तरी मोटार तळापासून आपल्या हातानं उभी करावी, असं त्यांच्या मनात होतं. मला ते एकदाच बोलले होते, पानावर बसले असताना. मी वरण वाढत होते. ते मी लक्षात ठेवलं.

मोटार फाटकातून आत आली तेव्हा नणंद दारात उभी होती. ती मला म्हणाली, "वैनी, तुझी सवत आली वं. ओवाळून घे."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही चौघंच. मामाजींनी मोटारीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "यातलं चालणारं कोणतं आहे? बैल परत द्याचे आहेत ना?"

ती मोटार उघडी होती, वर कापडाचं छत असणारी. छताच्या चिंध्या झाल्या होत्या. गाद्यांमध्ये उंदरांनी घरटी केली होती. मागच्या बाकाखाली सापाची कात निघाली, तेव्हापासून नणंदेनं चार दिवस अंगणातून जाणं सोडलं आणि ती मागच्या दारानं ये-जा करू लागली. वरचा सांगाडा लाकडाचा होता, त्यावर पत्रा ठोकलेला. ते लाकूड वाळवीनं आतून खाल्लं होतं. बोट लावलं की भुगा पडायचा.

मग एका रविवारी गल्लीतली आठ माणसं बांबू घेऊन आली. त्यांनी वरचा सगळा भाग नटबोल्ट काढून पालखीसारखा उचलला आणि यांच्या मित्राच्या दुकानामागे नेऊन ठेवला. हे मित्र दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांचं खरादाचं दुकान होतं, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं. यांच्यापेक्षा वयानं मोठे, अंगानं जाड, आणि आले की चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत. मी त्यांना भावजी म्हणायची, म्हणजे मनात. तोंडानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बाहेरचं माणूस आलं की मी आत जायची, आणि चहा नणंदेच्या हाती पाठवायची.

इंजिन आणि चाकं उतरवल्यावर अंगणात उरली ती नुसती लोखंडी चौकट. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या. तिला चासी म्हणतात. ती विटांच्या चार खांबांवर ठेवली. नणंद म्हणाली, "एवढ्याले मोटार म्हणतेत? ही त खाट आहे. नवार विण न वैनी, बाबाले झोपाले होईल."

दुपारी अंगणात कोणी नसलं की मी चासीपाशी बसायची. पोत्याचा तुकडा घासलेटात भिजवून गंज घासायची, मग काचकागद मारायची. गंजाच्या खालून स्वच्छ लोखंड निघालं की फार बरं वाटायचं, पितळेची भांडी चिंचेनं घासताना वाटतं तसं. यांनी आधी नको म्हटलं, मग हात फिरवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काचकागद जास्तीचा आणला. गंज निघाल्यावर आम्ही तिला खिडकीच्या गजांना देतात तो लाल रंग दिला. यांनी वरून, मी खालून.

जे जे सुटं होई ते डब्यांत भरायचं कामही माझ्याकडे आलं. चौथीपर्यंत शिकलेली असले तरी माझं अक्षर चांगलं होतं. मी चिठ्ठ्या लिहून दोऱ्यानं बांधायची. मागचं डावं चाक, आतले. पुढच्या कमानीचे बोल्ट, चार मोठे, एक वाकडा. लोणच्याच्या बरण्यासुद्धा त्यात गेल्या. एकदा मामाजींना जेवताना लोणचं हवं होतं, तर नणंदेनं बरणीवरची चिठ्ठी वाचून दाखवली, "बाबा, गेअरच्या पेटीचे पेच आहेत. वाढू का?"

पोळा झाल्यावर नणंदेचं लग्न जमलं. मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला. तेव्हा कार्य घरीच व्हायचं, आणि मांडव घालायला आमच्याकडे ते एकच अंगण होतं. मामाजी हात मागे बांधून चासीभोवती एक फेरी मारून आले.

"मांडव कुठं घालू? याच्यावर?"

हे म्हणाले, "तोवर उभी होते ना बाबा."

"मी मिलमध्ये जॉबर होतो. जन्मभर मशिनी पाह्यल्या. चालली त मशीन, नाही त लोखंड. मांडवाच्या आदल्या दिवसापर्यंत ही आपल्या पायानं फाटकाबाहेर गेली त तुझी. नाही त मी भंगारवाल्याले बोलावतो. अन् धक्का मारून नेली ते मी धरणार नाही."

मामाजी एकदा बोलले की बोलले. यांना ते माहीत होतं. त्या दिवसापासून हे गॅरेजातून आले की हात धुवायच्या आधीच अंगणात बसू लागले.

नवरात्रात मी चार दिवस माहेरी, उमरेडला गेले होते. अष्टमीला परत आले, तर पडवीत गोणपाटावर नवीन सामान मांडलेलं. मी नसताना यांनी आणि भावजींनी इंजिन उघडलं होतं. चार सारखे लोखंडी दांडे, चार अर्ध्या बांगडीसारख्या टोप्या आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ पितळी पत्र्या. सगळं तेलकट, काळं. त्यांच्यावर खडूनं रेघोट्या मारलेल्या होत्या. चिठ्ठी मात्र एकालाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी नवमीला लोखंडाची पूजा जोरात असते. विळी, कात्री, मामाजींचे मिलमधले पाने, यांची सगळी हत्यारं पाटावर मांडायची. आणि नियम असा की धुतल्याशिवाय पाटावर काही ठेवायचं नाही. हे सकाळीच गॅरेजातल्या पूजेला गेले होते. मला वाटलं, इंजिनाचा जीवच पडवीत पडला आहे आणि पाटावर नुसते पाने ठेवायचे, हे काही बरं नाही. मी सोड्याचं गरम पाणी केलं. एकेक दांडा, एकेक टोपी घासून काढली. पत्र्या एका वाटीत घालून खळखळ धुतल्या. जुन्या धोतरानं पुसून सगळं चांदीसारखं केलं. खडूच्या रेघा दिसल्या होत्या मला. पण ज्याला चिठ्ठी नाही त्याला खूण नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चिठ्ठ्या मीच लिहायची ना.

पूजेला सगळं झेंडूच्या फुलांत फार छान दिसलं. हे दुपारी आले, नमस्कार केला आणि म्हणाले, "वा, चमकवलं." एवढंच. त्यांच्याही लक्षात आलं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भावजी आले आणि दोघं इंजिन जोडायला बसले. मी आत भाकरी थापत होते. बाहेरचा खडखडाट थांबला. मग यांचा आवाज आला, "खुणा कुठं गेल्या?"

मी दाराआड उभी राहून ऐकलं. ते चार दांडे दिसायला सारखे असले तरी एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. इतकी वर्षं फिरून प्रत्येक जोडी आपापल्या जागी घासून बसलेली असते. खालीवर किती पत्र्या घालायच्या तेही प्रत्येकाचं वेगळं. जात्याचं जसं असतं, एका जात्याची वरची तळी दुसऱ्याच्या खालच्या तळीवर ठेवली तर दळण नीट पडत नाही, तसं ते मला समजलं. उलटसुलट बसवलं तर इंजिन एक तर फिरणार नाही, नाही तर फिरून फुटेल. खडूनं एक, दोन, तीन, चार लिहून ठेवलं होतं. लोखंडात ठोकायचे आकडे गॅरेजातून आणायचे होते, ते राहून गेले होते.

हे भावजींना म्हणाले, "तुम्ही पुसलं का?"

"मी काहून पुसू?"

"मग कोण? तुमच्याशिवाय इथं हात कोण लावते?"

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो?"

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हटलं नाही, पण ऐकू आलं." असं म्हणून भावजींनी सायकल काढली. नणंद चहा घेऊन बाहेर गेली तोवर ते कोपऱ्यावर पोचले होते. आमच्या घरातून ते पहिल्यांदाच चहा न घेता गेले.

पुढे चार दिवस काम बंद. हे अंगणात यायचे, ते दांडे हातात घ्यायचे, फिरवून पाहायचे आणि ठेवून द्यायचे. एका सकाळी बांबूवाला मांडवाचं माप घ्यायला आला, तेव्हा मामाजी त्याला म्हणाले, "पूर्ण अंगण धर. हे लोखंड तोवर जाईल."

सांगायचं तर होतं. रोज ठरवायची, यांना पाणी देताना सांगू, हे जेवताना सांगू. तोंडापर्यंत यायचं आणि मी भलतंच काही बोलायची. मीठ बरोबर आहे का, असं मी एका जेवणात तीनदा विचारलं.

पाचव्या दिवशी सकाळी हे दात घासायला मागे गेले, तेव्हा मी त्यांचाच खडू घेतला आणि चासीच्या लाल पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: खुणा मी पुसल्या. नवमीला धुताना. भावजींनी नाही.

आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीसमोर बसले. चूल पेटलेलीच होती तरी फुंकत राहिले.

हे आले ते तोंडात दातणाची काडी तशीच. दारात उभे राहिले.

"तू?"

मी मान हलवली.

"एवढे दिवस काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रागावले असते."

"अन् आता?"

मी म्हटलं, "आता लिहून झालं आहे."

त्यांनी काडी तोंडातून काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि एकाएकी हसायलाच लागले. मला काही समजेना. मागून नणंद आली. अंगणातलं तिनं वाचलं होतं. म्हणाली, "दादा, सगळा नागपूर वाचेल एवढं मोठं लिहिलं हिनं. पुस आधी, नाही त वऱ्हाडी येऊन वाचतील."

हे तसेच सायकलवर बसून भावजींकडे गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण अर्ध्या तासात दोघं परत आले. भावजी ओट्यावर बसले आणि मोठ्यानं, घरात ऐकू जाईल असं म्हणाले, "वैनी, दोन कप चहा बाकी आहे. त्या दिवशीचा एक अन् आजचा एक."

मग त्यांनीच उपाय सांगितला. दांड्यावर आणि टोपीत काय घासलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला दिसतं. शेंदूर तेलात कालवायचा, इंजिनातल्या फिरणाऱ्या लोखंडावर बोटानं पातळ लावायचा. त्यावर एक दांडा आणि एक टोपी बसवायची, आवळायची, एक फेरा द्यायचा आणि उघडून पाहायचं. रंग टोपीत सगळीकडे सारखा पसरला तर ती टोपी तिथलीच. एका कडेलाच लागला तर दुसरीकडची. "वेळ लागेल," भावजी म्हणाले. "अन् हात हलका पाह्यजे. आमचे हात जाड आहेत. ज्यानं पुसलं त्यानंच लिहावं."

पुढचे दहा-बारा दिवस माझी दुपार त्यात गेली. हे सकाळी जायच्या आधी एक जोडी बसवून आवळून ठेवायचे. दुपारी मी पाना घेऊन उघडायची, रंग पाहायची, कागदावर लिहायची, पुसून पुन्हा लावायची आणि दुसरी बसवायची. आवळायचं कसं, हे यांनी दाखवून दिलं होतं. पत्र्या एक काढायची, एक घालायची. बोटं, पदर, कपाळ, सगळीकडे शेंदूर. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काहून वं, अंगणात मारुती बसवून राहिली का?" मी लाजून आत गेले. मग पुन्हा बाहेर आले, कारण चार नंबरची टोपी उघडायची होती.

चार नंबरनं फार छळलं. तीन जोड्या सापडल्या म्हणजे चौथी आपोआप मिळायला हवी. पण रंग काही सारखा लागेना. मी दोन दिवस पत्र्या बदलत बसले. शेवटी मामाजी ओट्यावरून उठून आले, चष्मा लावला, टोपी हातात घेतली आणि फिरवून माझ्या हातात दिली. "उलटी लावली तू. तेलाचं छिद्र इकडं." आणि पुन्हा जाऊन सुपारी कातरायला बसले. उलटी बसवली, म्हणजे सुलटी, आणि रंग काठापासून काठापर्यंत एकसारखा उमटला. त्या दिवशी संध्याकाळी यांनी लोखंडात आकडे ठोकले. एक, दोन, तीन, चार. मला हात लावून पाहायला लावलं.

इंजिन चासीवर चढलं. कमानी, चाकं, सुकाणू, सगळं आपापल्या डब्यांतून निघून जागेवर गेलं. पण वरचा सांगाडा काही व्हायचा नव्हता. सुताराकडे सागवान आलं होतं आणि सुतार स्वतः गावी गेला होता. मांडवाच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात उभी होती ती चार चाकांवरची लाल चौकट, तिच्यावर इंजिन, आणि हवेत उगवल्यासारखं एक सुकाणू. बसायला यांनी स्वयंपाकघरातले दोन पाट दोरीनं बांधले होते.

फाटकाशी मांडववाले बांबू टेकून बसले होते. मामाजी बाहेर आले. "हे काय? ही मोटार आहे?"

हे म्हणाले, "बाबा, आपल्या पायानं गेली पाह्यजे म्हणाले होते तुम्ही. कपडे घालून गेली पाह्यजे, असं नव्हते म्हणाले."

मांडववाल्यांतला एक हसला, मग मामाजींनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. "ठीक आहे," मामाजी म्हणाले. "चालव."

अडचण पेट्रोलची होती. टाकी सांगाड्यात बसायची, आणि सांगाडा नव्हता. म्हणून एका डब्याला खालून रबरी नळी लावली होती. तो डबा कोणीतरी इंजिनापेक्षा उंच धरून बसायला हवं होतं, म्हणजे पेट्रोल आपोआप खाली उतरेल. हे सुकाणूवर. भावजी पुढे हँडल मारणार. नणंद नवरी, तिला उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. हे माझ्याकडे वळले. "तू बस. तुझा हात हालत नाही."

"मी नाही," मी दारातूनच म्हटलं. फाटकाबाहेर निम्मी गल्ली जमली होती.

"अगं, दोन गल्ल्या त जाचं आहे. भावजीच्या दुकानापर्यंत."

"लोक पाहून राहिले."

बांबू, माणसं, फाटक, सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं. मी पदर ओढून घेतला. तेव्हा मामाजी ओट्यावरून म्हणाले, "बस बाई. पदर राहू दे, डबा धर."

त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. मी जाऊन पाटावर बसले आणि दोन्ही हातांनी डबा डोक्याच्या वर धरला. पदर खांद्यावर आला. मी समोर इंजिनाकडे पाहत राहिले.

भावजींनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. पाचव्या वेळी ते हँडल उलटं फिरलं आणि भावजी दोन पावलं मागे उडाले. "जिवंत आहे," ते म्हणाले आणि हात झटकत पुन्हा वाकले. त्यानंतरच्या वेळी इंजिन खोकलं, काळा धूर सोडला, थांबेल असं वाटलं, आणि मग सुरू झालं. चारही दांडे चालत होते. मला ते पायाखाली समजत होतं.

हे म्हणाले, "घट्ट बस," आणि आम्ही निघालो.

फाटकातून पुढची चाकं गेली, मग मागची. मामाजी फाटकाला धरून वाकून चाकंच पाहत होते. बाहेर पडल्यावर एका खड्ड्यात डबा खाली आला, तर इंजिन लगेच गुदमरलं. "वर धर," हे ओरडले. मी आणखी वर धरला. शेजारच्या काकू टाळ्या वाजवत होत्या. कोणी म्हणालं, सर्कस आली. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरून बाजूला उभे राहिले आणि आम्हाला नमस्कार केला, कशाबद्दल ते त्यांनाच माहीत. आणि मला लाज वाटायची तेवढी वाटली नाही. हात इतके भरून आले होते की लाजायला सवड नव्हती. भावजींच्या दुकानाशी इंजिन बंद केलं तरी मी डबा धरूनच होते. यांनीच तो खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मांडवात हळद लागली. मी वाटी घेऊन पुढे झाले, तर नणंद मागे सरकली. "वैनी, तू दूर राह्य वं. हाताले पेट्रोलचा वास येऊन राहिला. कोणी आगपेटी लावली त सासरी जाच्या आधीच पेटून जाईन मी." तरी मी तिला दोन्ही गालांना लावली, जास्तच लावली.

वऱ्हाड आलं. मांडवाच्या मधोमध, जिथे इंजिन उघडलं होतं तिथे, शेणानं दोनदा सारवूनही तेलाचा एक मोठा काळा डाग वर आला होता. मुलाच्या मामांचा पाय त्यावर पडला. त्यांनी विचारलं, हे काय सांडलं? मी पाण्याचे गडवे घेऊन मागेच उभी होते. मामाजींनी डागाकडे पाहिलं, उपरणं नीट केलं आणि म्हणाले, "इथं आमची मोटार उभी राह्यते. सध्या बाहेर गेली आहे."